दहावा पाटा : जीपच्या मागच्या कमानींच्या प्रकल्प नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसरा. खंडेनवमीला जीप धुऊन गोठ्यासमोरच्या कोब्यावर लावली होती. काल मागच्या दांडीला झेंडूचं तोरण बांधलं, तर ते डावीकडे वर आणि उजवीकडे खाली. सोडून परत बांधलं. परत तसंच. मग लक्षात आलं की तोरण सरळ आहे, जीपच कलली आहे.

आज टेप घेऊन बसले. आधी चारही टायरांत हवा सारखी केली. मागचे दोन टायर अदलाबदल करून पाहिले, म्हणजे झिजलेल्या टायराचा दोष कमानीच्या, म्हणजे एकावर एक पोलादी पाटे रचून केलेल्या स्प्रिंगच्या माथी नको. मग चासीच्या खालच्या कडेपासून अ‍ॅक्सलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं अंतर घेतलं. डावीकडे ११९ मिलिमीटर, उजवीकडे ९७. बावीसचा फरक. उजवी बाजू ड्रायव्हरची, पण एकट्या ड्रायव्हरच्या वजनाने एवढं होत नाही.

नोंदीसाठी गाडीचं कूळ लिहून ठेवते. महिंद्रा सीजे-थ्रीबी, १९६८, पेट्रोल, चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन, २.२ लिटर. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह माथ्यावर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं, आणि ते मावावं म्हणून विलीजने १९५३ मध्ये बॉनेट उचललं. युद्धातल्या जीपशेजारी ही उभी केली की फेटा बांधल्यासारखी दिसते ती त्यामुळे. आबांनी १९८१ साली सरकारी लिलावात घेतली. तेव्हापासून गुऱ्हाळाचा गूळ, म्हशीची पेंड, वऱ्हाड, एकदा पिठाची गिरणी, सगळं हिनेच वाहिलं.

आबांना आकडे सांगितले. म्हणाले, "कललीय तर कललीय. मी बी कललोय."

२० ऑक्टोबर

सुट्टीचा अख्खा दिवस एका बुशमध्ये गेला.

सकाळी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, मागून जॅकने उचलून चासीखाली घोड्या दिल्या. अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक ठेवला, नाहीतर कमान सुटली की अख्खा अ‍ॅक्सल ब्रेकच्या होजवर लोंबकळतो. या जीपमध्ये कमान अ‍ॅक्सलच्या खालून जाते. यू-बोल्ट वरून नळीला मिठी मारून खाली उतरतात आणि त्यांचे नट प्लेटखाली असतात, म्हणजे बरोबर चिखलात. आठ नटांपैकी दोन पान्याने फिरले. बाकीचे ग्राइंडरने कापले. यू-बोल्ट एकदा ताणला की परत वापरायचा नसतोच, त्यामुळे वाईट वाटायचं कारण नव्हतं.

मग शॅकल, म्हणजे कमानीचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी. आताच्या गाड्यांना दोन पट्ट्या आणि रबरी बुश असतात. हिला जुन्या विलीजची रीत आहे. इंग्रजी यू अक्षरासारखी एक लोखंडी शॅकल, तिच्या दोन्ही पायांना आटे, आणि त्या आट्यांवर बाहेरून षटकोनी डोक्याचा लोखंडी बुश फिरवून बसवायचा. वरचा बुश चासीत, खालचा पाट्याच्या टोकाच्या वळीत. या वळीला गॅरेजात आय म्हणतात. आबांच्या तोंडी मात्र नेढं असतं, सुईला असतं तसं. मला तोच शब्द पटतो.

उजव्या मागच्या शॅकलचा वरचा बुश अर्ध्या तासात निघाला. खालचा ढिम्म. डिझेल सोडलं, हातोडीने ठोकलं, पान्याला तीन फुटी पाइप लावला, शेजारचा पोरगा पाइपला लटकला. बुश जागचा हलेना. दुपारी जेवून आल्यावर सर्व्हिस पुस्तक काढलं. आबांनी ते देवघराच्या फडताळात, पंचांगांच्या गठ्ठ्यात ठेवलंय. त्यात स्पष्ट लिहिलंय की आठ बुशांपैकी सहा सुलट्या आट्यांचे आणि दोन उलट्या आट्यांचे. उलट्याची खूण म्हणजे षटकोनी डोक्याभोवती कोरलेली एक खाच. तारेच्या ब्रशने चाळीस वर्षांचा चिखल आणि ग्रीस काढलं. खाच होती. सकाळपासून आम्ही तो बुश आवळत होतो.

उलट दिशेने पाच मिनिटांत निघाला. पोरग्याला चहा आणि भजी.

२१ ऑक्टोबर, रात्री

शिफ्ट संपवून आल्यावर उजवी कमान सोडली. सगळ्या पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारा सेंटर बोल्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प लावायचे. पाटे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात, बोल्ट निघाला की ते उसळतात. क्लॅम्प हळूहळू सैल केले आणि एकेक पाटा वरून खाली खडूने नंबर घालत मांडत गेले.

नऊ हवे होते. दहा निघाले.

युद्धातल्या विलीजची मागची कमान ४२ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, ९ पाट्यांची, आणि आमच्या पुस्तकातही नऊच आहेत. आमच्यात चौथ्या जागेवर एक परका पाटा. बाकीचे पाटे कॅलिपरवर ६ मिलिमीटरच्या आसपास, हा ८. बाकीच्यांची टोकं निमुळती करून वळवलेली, याची टोकं गॅसने सरळ कापलेली, कापताना वितळलेल्या लोखंडाचे मणी अजून कडेला. आणि त्याच्या वरचा, म्हणजे तिसऱ्या नंबरचा मूळ पाटा मागच्या टोकापासून सव्वा वितीवर आडवा तुटलेला. तुटीची अर्धी बाजू काळी, गंजलेली. अर्धी राखाडी. म्हणजे तडा जुना, आणि शेवटचा कडाका अलीकडचा.

तूट नेमकी कुठे, तर परक्या पाट्याचं सरळ कापलेलं टोक वरच्या पाट्याच्या पोटात रुतून जिथे खळगा झाला होता त्या रेषेत. गाडी दबली-उठली की ते टोक तिथेच घासायचं. पाट्यांची टोकं निमुळती करतात ती शोभेसाठी नव्हे. दाब एका रेषेत न येता पसरत जावा म्हणून.

आबा काठी टेकत आले. पाहताक्षणी ओळखलं.

"गुळाचा पाटा."

१९८४ चा हंगाम. गुऱ्हाळापासून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डापर्यंत जीपमधून गुळाचे वीस रवे, म्हणजे ढेपा जायच्या. रवा तीस किलोचा, म्हणजे सहाशे किलो. अमेरिकी लष्कराने या गाडीला पाव टनी ट्रक म्हटलं होतं. ओढ्यातून वर येताना मागची बाजू खाली आपटायची म्हणून आबांनी हमरस्त्यावरच्या एका कमानवाल्याकडून दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा मारून घेतला.

"काढू नगंस त्यो," एवढं बोलून आत गेले.

२७ ऑक्टोबर

डावी कमानही उतरवली. तीही दहाची, पण सगळे पाटे शाबूत. दिवसभर घासकाम. पाट्यांच्या मधून गंज निघाला तो शब्दशः चहाच्या दोन डब्या भरून. गंजाचे थर पाट्यांना एकमेकांपासून ढकलतात आणि वर त्यांना सरकूही देत नाहीत. कमान दबताना प्रत्येक पाटा खालच्यावर जरासा सरकायला हवा. तो सरकला नाही तर दहा पाट्यांची कमान एका जाड लोखंडी पहारीसारखी वागते. आमची जीप 'मजबूत' म्हणून गावात ओळखली जायची, त्यातला बराचसा मजबूतपणा गंजाचा होता.

एका नेढ्यापासून दुसऱ्या नेढ्यापर्यंत दोरी ताणून मधल्या बाकाची उंची मोजली. डावी ६६, उजवी ४४.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण गेल्या आठवड्यात चार जणांनी मला "पाटे मऊ पडलेत, एकेक वाढव" असा सल्ला दिला. पाटा बसतो, मऊ पडत नाही. पोलादाचा ताठरपणा वयाने कमी होत नाही. शंभर किलो ठेवल्यावर तो जितका दबायचा तितकाच आजही दबतो, फक्त सुरुवात खालून करतो. कमी होते ती कमान, म्हणजे बाक. ताठरपणा कमी होतो तो पाटा झिजून पातळ झाला तरच, आणि तेव्हा मात्र झपाट्याने होतो, कारण तो जाडीच्या घनावर चालतो. ६ चा पाटा साडेपाच झाला की ताठरपणा जवळजवळ पाव भागाने जातो.

तेच गणित उलटं लावलं. ६ चा घन २१६, ८ चा ५१२. एक जाड पाटा जवळपास अडीच मूळ पाट्यांचं काम करतो. नऊ पाट्यांच्या कमानीत तो घातला की सगळी कमान सव्वापट ताठर. म्हणजे बसलेल्या कमानीवर उपाय म्हणून पाटा वाढवला तर उंची थोडी मिळते आणि हाडं खिळखिळी होतात. हवी असते उंची. ती बाक परत देऊनच मिळते.

ठरलं. दहावा पाटा दोन्हीकडून बाहेर. तिसरा नवा करायचा. बाकीच्यांना बाक द्यायचा. आबांना अजून सांगितलेलं नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद. आज अर्धी रजा टाकून उद्यमनगरात. पहिल्या दुकानात विचारलं, "सीजे-थ्रीबीचा मागचा पाटा, पावणेदोन इंची." दुकानदाराने माझ्या मागे बघून विचारलं, "ड्रायव्हर कुठाय?" दुसऱ्या दुकानात तयार कमान होती, पण नंतरच्या डिझेल जीपची, अंगाने भारी. ती बसवायची तर आबांच्या पाट्यानेच काय घोडं मारलं होतं?

बुश आणि शॅकल मात्र नवे मिळाले, उलट्या आट्यांची एक जोडीसुद्धा. दुकानदार म्हणाला, "ही दहा वर्षं पडून आहे, घेऊनच जा." सगळ्या आट्यांवर आधीच हाताने शॅकल फिरवून पाहिली. एक बुश बदलून घ्यावा लागला.

संध्याकाळी शिरोली नाक्याच्या पुढे एका कमान-पाटेवाल्या चाचांकडे. वय सत्तरच्या पुढे, चष्म्याला दोरी. मी पाटे मांडले. त्यांनी काही न विचारता एकेक उचलला, मधोमध दोरीवर टांगला आणि लहान हातोडीने टोला दिला. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. डाव्या कमानीच्या दुसऱ्या पाट्याला आवाज आला तो भद्द. बाजूला ठेवला.

"ह्यो गेलाय."

मला काहीच दिसत नव्हतं. मी फाउंड्रीत तपासणी विभागात आहे, तडे शोधणं हेच माझं काम. तो पाटा घरी घेऊन आले.

७ नोव्हेंबर

कामावरच्या जुन्या डाय-पेनिट्रंटच्या डब्या, मुदत संपलेल्या, परवानगी काढून वापरल्या. लाल रंग लावला, थांबले, पुसला, पांढरी पावडर फवारली. सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेकडे केसाएवढी लाल रेघ उमटली. अकरा मिलिमीटर.

चाचांना फोन करून सांगितलं. पलीकडून फक्त "मग?"

मध्ये तडा का जातो, तर यू-बोल्ट सैल पडले म्हणून. पाट्यांना धरून ठेवायचं काम यू-बोल्टचं, सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. यू-बोल्ट सैल पडले की वाकण्याचा सगळा ताण मधल्या भोकावर येतो, जिथे पाटा आधीच कमजोर. आमचे यू-बोल्ट १९८४ नंतर कुणी आवळल्याचं आबांना आठवत नाही.

१० नोव्हेंबर

आज दिवसभर चाचांच्या भट्टीवर. ही नोंद लांबणार.

आधी जमिनीवर खडूने मापाची कमान काढली. किती बाक द्यायचा याचा हिशोब असा: दोघं मागे बसल्यावर शॅकल साधारण उभी राहायला हवी. ती फार मागे कलली तर कमानीला लांबायला वाव उरत नाही. त्यावरून मुक्त कमानीचा बाक ९५ आला. दहावा पाटा निघाल्यावर गाडी आठ-दहा मिलिमीटर खाली बसेल, तेही त्यात धरलं.

जुने पाटे थंडच ठोकले. ऐरणीवर इंग्रजी व्हीसारखा खाचेचा ठोकळा, त्यावर पाटा पोकळ बाजू वर करून आडवा, आणि घणाचा टोला बोटभर अंतरावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चाचा पाटा सरकवतात, त्यांचा मुलगा घण मारतो. दोघं बोलत नाहीत. टोल्यांची लय चुकली तर पाट्यावर कोपरा पडतो, आणि कोपरा पडला की तिथेच तो उद्या तुटणार. मध्येच पाटा खडूच्या रेघेवर टेकवायचा, डोळा बारीक करायचा, परत ऐरण. थंड ठोकलेला पाटा पुन्हा थोडा बसतो, हे चाचांनीच आधी सांगितलं. "पाच मिलिमीटर जास्त घे, महिन्यात खाली येतील." माझ्या ९५ मध्ये ते पाच धरलेले नव्हते. खडूची रेघ पुसून १०० वर काढली.

एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. पाट्यांवर खडूचे नंबर पुसायला लागले होते म्हणून मी पंच उचलला. चाचांनी हात धरला. पाटा दबतो तेव्हा त्याची वरची, पोकळ बाजू ताणली जाते आणि पंचाची एक टिकली तिथे तड्याला आमंत्रण देते. त्याच कारणाने पाट्यावर वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडू द्यायची नाही. मग तारेने पत्र्याचे बिल्ले बांधले.

नवे दोन पाटे, उजवा तिसरा आणि डावा दुसरा, स्प्रिंग स्टीलच्या पट्टीतून. हे मात्र गरम. आधी लांबी कापली, मधलं भोक पाडलं, टोकं ग्राइंडरवर निमुळती केली. कडक झाल्यावर यातलं काहीच होत नाही. मग भट्टी. पाटा टोकापासून टोकापर्यंत सारखा लाल होऊन नारिंगीकडे झुकला की सांडशीने उचलून वरच्या पाट्याच्या पोटाशी जुळवून वाकवायचा, पुन्हा तापवायचा आणि तेलाच्या हौदात बुडवायचा. पाणी देणं म्हणतात, पण द्यायचं तेल. या पोलादाला खरंच पाणी दिलं तर ते तडकतं.

तेलातून निघालेला पाटा काचेसारखा कडक आणि तेवढाच ठिसूळ. त्याचा कडकपणा थोडा उतरवायला लागतो. चाचांकडे तापमापक नाही. तेलाने माखलेला पाटा त्यांनी निखाऱ्यांवर पुढे-मागे फिरवत ठेवला. तेल धुरकटलं, मग पेटलं. निळसर पिवळी ज्योत पाट्यावरून धावत गेली आणि विझली. परत तेल, परत ज्योत. तिसऱ्यांदा तेल सगळीकडे सारखं पेटलं तेव्हा पाटा बाजूला ठेवला आणि आपोआप गार होऊ दिला.

तुटलेल्या पाट्याचे तुकडे कोपऱ्यातल्या लोहाराने मागितले. ऊसतोडीचे कोयते पाट्याच्याच पोलादाचे लागतात. ते दिले. दहाव्या पाट्यांवरही त्याचा डोळा होता. ते मी घरी परत आणले.

१६ नोव्हेंबर

नवे पाटे कामावर नेऊन कडकपणा पाहिला. मोजण्यापुरती गंजरंगाची खपली टोकाकडे घासली, जिथे ताण नसतो तिथे. रॉकवेल सी या कडकपणाच्या मापात ४४ आणि ४५. पाट्याला साधारण ४२ ते ४८ चालतं. तापमापक नसलेल्या माणसाचे दोन पाटे एका अंकाच्या फरकात. आमच्या भट्टीवाल्यांना दाखवलं, ते काही बोलले नाहीत.

कमानी आणायला गेले तर चाचांच्या दारात सात गाड्या. प्रचार चालू आहे. एका जीपमध्ये पंधरा कार्यकर्ते आणि टपावर भोंगे, मग पाटे राहतात कसे? मतदान बुधवारी. चाचा म्हणाले, पाच वर्षांतले हे पंधरा दिवस आणि उसाचा हंगाम, यावर दुकान चालतं.

२४ नोव्हेंबर

जुळणी.

रेड ऑक्साइड फक्त बाहेरच्या कडांना. पाट्यांच्या मध्ये रंग लावायचा नाही, तो सोलतो आणि मग गंजासारखाच अडकतो. मध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात. पाटे नुसते एकावर एक ठेवले की मध्ये फट दिसते. खालचा पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकडा असतो. बऱ्याच जणांना ही चूक वाटते आणि ते ठोकून फट घालवतात. ती मुद्दाम असते. सेंटर बोल्ट आवळला की आखूड पाटे लांब पाट्याला उलट दिशेने ताणून ठेवतात आणि सगळ्यात वरच्या पाट्यावर, ज्याला नेढी आहेत आणि जो तुटला तर गाडी रस्त्यातच बसते, त्याच्यावर ताण कमी येतो. घरातल्या थोरल्या सुनेला धाकट्यांनी हातभार लावल्यासारखं, असं आईने यावर मत दिलं. आई थोरली सून आहे आणि तिला तसा हातभार कधी मिळालेला नाही.

दोन सी-क्लॅम्पनी दाबून नवा सेंटर बोल्ट घातला, डोकं वर, कारण तेच अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. क्लिपा आवळल्या. दोरीने बाक मोजला. उजवी १००, डावी ९९. गाडीखाली सरकवल्या, पुढचा पिव्होट बोल्ट, मागे शॅकल, नवे यू-बोल्ट, टॉर्क रेंचने आडवेतिडवे थोडे थोडे करून. संध्याकाळी सात वाजता घोड्यांवरून खाली.

उजवी १४३, डावी १४५. तोरण असतं तर सरळ दिसलं असतं.

२५ नोव्हेंबर

कामावर जाताना जीप नेली. आठ किलोमीटरमध्ये तोंडात शिव्या. प्रत्येक खड्ड्याला मागून कर्रर्र आणि पाठीत दणका, आधीपेक्षाही वाईट. आबांनी रात्री विचारलं, "कशी हाय?" मी म्हटलं, "बसतील अजून." खोटं बोलले.

१ डिसेंबर

पुस्तक परत काढलं. दोष माझाच. शॅकलचे बुश मी नेहमीच्या बोल्टसारखे पार टेकेपर्यंत आवळले होते. चासीकडचा वरचा बुश पूर्ण टेकवायचा, पण नेढ्यातला खालचा बुश टेकवायचा नसतो. त्याच्या षटकोनी डोक्यात आणि पाट्यात १/३२ इंचाची, म्हणजे ०.८ मिलिमीटरची फट ठेवायची. त्या आट्यांवरच शॅकल झोके घेते. आवळलेली शॅकल झोका घेऊ शकत नाही, आणि मग कमान कितीही चांगली असो, तिला लांबायला जागाच नाही.

बुश आणि शॅकल दोन्हीकडे बरोबर शिरायलाही एक क्रम आहे. शॅकल चासीला आतून घट्ट धरून वरचा बुश अर्धा आत न्यायचा, मग खालचा सुरू करायचा, मग दोन्ही आलटून पालटून. गेल्या वेळी मी एक पूर्ण करून दुसरा धरला होता. सगळं काढून परत. ०.८ ची फीलर पट्टी फटीत घालून शेवटचा वेढा. उजवीकडचा खालचा बुश उलट्या आट्यांचा, या वेळी विसरले नाही. ग्रीस गनने निपलमधून ग्रीस भरलं, दुसऱ्या टोकातून बाहेर येईपर्यंत.

मागच्या दांडीवर उभी राहून उड्या मारल्या. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. आवाज नाही.

८ डिसेंबर

आज आबांनी जीपची परीक्षा घेतली. दहावा पाटा काढल्याचं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन्ही पाटे मी पुसून, तेल लावून गोठ्यात भिंतीला उभे केले होते आणि आबा रोज तिथेच बसतात.

चुलत्यांच्या गुऱ्हाळावरून दहा रवे आणवले. तीनशे किलो. रिकाम्या गाडीची उंची घेतली. दोन आठवड्यांत कमानी थोड्या बसल्या होत्या, उजवी १३६, डावी १३७. रवे मागे रचले. ९४ आणि ९५. बरोबर ४२ मिलिमीटर खाली. एका कमानीवर दीडशे किलो धरले तर मिलिमीटरला साडेतीन किलोच्या वर थोडं. आबा गाडीत बसले, ओढ्याच्या पुलावरून यार्डाच्या रस्त्याला लागून परत आलो. त्यांनी फक्त एकदा मागे वळून पाहिलं, रवे हलतात का ते.

घरी येऊन गणित पूर्ण केलं. दहावा पाटा असता तर तीनशे किलोला गाडी ३३ मिलिमीटर बसली असती, ४२ ऐवजी. नऊचा फरक. एवढ्यासाठी चाळीस वर्षं हाडं मोडून घेतली, असं मी म्हणणार होते. मग वीस रव्यांचा हिशोब केला. सहाशे किलोला आजची कमान ८४ खाली जाईल, उरतील ५२. चासीला बसवलेला रबरी स्टॉपर ५० चा आहे. म्हणजे गाडी उभी असतानाच स्टॉपरला टेकल्यात जमा, आणि ओढ्यातला पहिला दगड थेट चासीला. आबांच्या पाट्याने तिथे १९ मिलिमीटर मोकळे ठेवले असते.

त्यांना वही दाखवली. चष्मा नव्हता, त्यामुळे वाचून दाखवली. पाटा मारला ते बरोबर होतं, टोकं सरळ कापली ते चुकलं, असंही सांगितलं.

"मला गणित कुठं येत हुतं," आबा म्हणाले. "ष्टॉपर आपटायचा, त्यो ऐकू यायचा."

रवे उतरवताना एक फुटला. तो घरातच ठेवला.

२९ डिसेंबर

५१० किलोमीटर झाले. यू-बोल्ट परत आवळले. आठपैकी पाच नट पाव वेढा फिरले, तीन जागेवर. हे पहिल्या पाचशेनंतर करायलाच हवं, पाटे एकमेकांवर बसले की यू-बोल्ट आपोआप सैल पडतात. पुढचं आवळणं उन्हाळ्यात, तारीख सर्व्हिस पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिली.

उंची उजवी १३३, डावी १३४. गेल्या दहा दिवसांत बदल नाही. चाचांचे पाच मिलिमीटर महिन्यात गेले, शिवाय वर पाच गेले. ते माझ्या वाट्याचे.

पुढच्या डाव्या शॅकलमधून ग्रीस एकाच टोकाने बाहेर येतंय. तिथेही खालच्या बुशाला खाच आहे, घासून पाहिली. गुऱ्हाळ बंद झालं की तिकडे.

लोहार परवा घरी आला होता, दहाव्या पाट्यांसाठी. आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.